आधी थेंबांचं सांगा

औषधाच्या दुकानात पुढे एक आजी, त्यांच्यामागे घाईतले काका, मग मी. काउंटरवर चष्मेवाली फार्मासिस्ट.

"आजी, ही गोळी पायांच्या जळजळीवर दिलीय. डोळ्यांत थेंब घालता का?"

"घालते की, काचबिंदूचे. पायाचा नि डोळ्याचा काय संबंध गं?"

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी पायाचंच विचारलं."

"गोळी जुनी आणि गुणी आहे, पण काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब एकदम वाढवते. नजर जाऊ शकते. थांबा, फोन लावते."

"अहो बाई, रांग खोळंबलीय!"

"पाच मिनिटं, काका."

...

"आजी, डॉक्टर दुसरी गोळी देतायत."

"म्हणजे तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं!"

"छे, त्यांना तुमच्या थेंबांचं ठाऊक नव्हतं. या काका, काय देऊ?"

"देणं राहू द्या. आधी माझ्या या सगळ्या गोळ्या बघा."