सहा कड्या

हार्डवेअरच्या दुकानात रंगारी ब्रश घ्यायला रांगेत उभा होता. त्याच्या पुढच्या आजोबांनी सहा तऱ्हेच्या कड्या निवडून काउंटरवर ठेवल्या.

"दारं किती आहेत, आजोबा?" दुकानदार बाईंनी विचारलं.

"एकच. बाकीच्या पाच फळीवर बसवायच्यात. नातीचा वाढदिवस आहे."

"वाढदिवसाला कड्या?"

"गेल्या साली बोलणारी बाहुली दिली, तर पोरीनं कान गच्च झाकून घेतले. सहा वर्षांची आहे, पण अजून बोलत नाही. तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, तिचे हात कशात रमतात ते बघा."

"मग कळलं?"

"तिनं मला न्हाणीघरात कोंडलं, तेव्हा कळलं. अर्धा तास नुसतं कडी लाव, कडी काढ. मी आत अंगाला साबण लावून उभा."

रंगाऱ्याला हसू आवरेना.

"आणि ही सहावी?" दुकानदार बाईंनी विचारलं.

"ती न्हाणीघराच्या दाराला. आमच्या शहाण्या चिरंजीवांनी जुनी उपटून टाकली."

"अहो, पुन्हा कोंडेल ती तुम्हाला."

"कोंडू दे की. दार उघडल्यावर आत मी दिसलो, की टाळ्या वाजवते."