दोन गाण्यांमधली जागा

माझ्या निवृत्तीच्या आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपले साहेब. त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेले संचालक. पहिल्या रांगेतले, गेल्या महिन्यापर्यंत आपले प्रतिस्पर्धी असलेले आणि आज पाहुणे झालेले सज्जन. आणि 'जरा हळू बोला, मी ऐकतेय' असं म्हणून ज्यांना मी तीस वर्षं छळलं, ते माझे सगळे सहकारी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

साहेब आत्ता माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. मला त्यांनी 'या कंपनीचे कान' म्हटलं. कार्यक्रमाआधी मात्र बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाई, दोन गोड शब्द बोला आणि पाच मिनिटांत आटपा. तुमच्यानंतर लगेच मोठी घोषणा आहे." मी म्हटलं, "हो साहेब." तीस वर्षं मी त्यांच्याशी हेच दोन गोड शब्द बोलत आले. आज जरा जास्त बोलणार आहे.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. आमची कंपनी संगणक बनवते, आणि त्या संगणकावर गाणी साठवायचा, लावायचा, ऐकायचा एक प्रोग्रॅम बनवते. मी ना धड इंजिनियर, ना विक्रीतली. शाळेत सिस्टरनी मला चर्चच्या ऑर्गनवर बसवलं आणि एक पट्टी जरी चुकली तरी पाठीमागून नुसतं 'अं' म्हणायच्या. त्या 'अं'वर माझा कान तयार झाला. तेवढ्या शिदोरीवर मी इथे लागले. जिन्याखालची ती खोली तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. भिंतींना करड्या रंगाचं जाड कापड, एक हात तुटलेली खुर्ची आणि दाराबाहेर लाल दिवा. दिवा लागला की बाई ऐकताहेत, आत जायचं नाही. प्रोग्रॅमची प्रत्येक नवी आवृत्ती त्या खोलीत मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची आणि 'ऐकल्याचा कागद' भरायचा. तो कागद भरल्याशिवाय या इमारतीतून काहीही बाहेर जात नाही. असला नियम जगात दुसऱ्या कुठल्या कंपनीत असेल असं मला वाटत नाही.

तो नियम मास्तरांचा. नव्या मंडळींना मास्तर माहीत नाहीत. पहिल्या आवृत्तीचा सगळा प्रोग्रॅम त्यांनी एकट्याने लिहिला. लोकांचं काम छापून घ्यायचे आणि लाल पेन्सिलीने तपासायचे, म्हणून मास्तर. स्वेटरच्या दोन्ही कोपरांना ठिगळं. मुलाखतीत त्यांनी मला एक गाणं ऐकवलं आणि विचारलं, "काय खटकलं?" मी म्हटलं, "गाण्यात काही नाही. पण ते संपल्या संपल्या तुम्ही दुसरं सुरू केलंत. इतकी घाई कशाला?" मास्तर खुर्चीतून उठले, साहेबांच्या... म्हणजे तेव्हाच्या साहेबांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "ही बाई मला पाहिजे."

त्यानंतर पाच महिने आम्ही फक्त गाण्यांच्या मधल्या शांततेवर काम केलं. हसू नका! मास्तरांचं म्हणणं असं, की गाणं संपलं तरी ऐकणारा लगेच बाहेर येत नाही. संथ गाण्यातून यायला वेळ लागतो, नाचाच्या गाण्यातून तो पटकन येतो. म्हणून दोन गाण्यांमधली जागा सगळीकडे सारखी नको. आधीचं गाणं कसं विझलं ते पाहून प्रोग्रॅमने ती ठरवावी. हे गणित त्यांनी कसं बसवलं ते मला आजही कळत नाही. मी नुसती 'अं' म्हणायचे आणि ते पुन्हा लिहायला बसायचे.

त्या दिवसांवर मी तासभर बोलेन. पण मला पाच मिनिटंच आहेत, तेव्हा सोळा वर्षांपूर्वीच्या एका बैठकीकडे येते.

विषय एकच होता. आपला हा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालू द्यायचा का? मास्तर म्हणाले, द्यायचा. त्यांच्या हातात ग्राहकांच्या पत्रांचा गठ्ठा होता. त्यातलं एक पत्र मला अजून पाठ आहे. एका शिक्षिकेने तिच्या वर्गातल्या मुलांची दहा वर्षांची गाणी आपल्या प्रोग्रॅममध्ये ठेवली होती. आपला संगणक बिघडला. लेकाने दुसरा आणून दिला, पण दुसऱ्या कंपनीचा. 'माझी मुलं आता कुठल्या खोलीत कोंडली आहेत,' असं तिने विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "गाणी तिची आहेत. आपण फक्त कपाट दिलंय. कपाटाची किल्ली आपल्याच खिशात का?"

आपले आजचे अध्यक्ष तेव्हा विक्रीचे साहेब होते. ते हसून म्हणाले, "मास्तर, लोक आपला संगणक घेतात तो या प्रोग्रॅमसाठी. तो शेजाऱ्याच्या दुकानात ठेवला, तर आपल्या दुकानात कोण कशाला येईल?"

"शेजाऱ्याकडे ऐकलेलं आवडलं, तर माणूस विचारत विचारत आपल्या दारी येईल."

"तुमची ही स्वप्नं वहीत छान दिसतात हो."

खरं सांगते, साहेबांचा मुद्दा अगदीच वेडगळ नव्हता. त्यावर भांडता आलं असतं. त्यांना भांडायचंच नव्हतं. चारच दिवसांनी मास्तरांच्या खणात एक डिस्क सापडली. तिच्यावर आपलाच प्रोग्रॅम होता, पण प्रतिस्पर्ध्यांच्या संगणकावर चालणारा. मग काय विचारता! फितुरी, विश्वासघात, आणि काय काय. चौकशीला टिपणं घ्यायला मीही टेबलाशी होते. साहेबांनी विचारलं, "ही कुणासाठी केलीत?" मास्तर म्हणाले, "माझ्या कानांसाठी." तिसऱ्यांदा विचारलं तरी हेच उत्तर.

दुपारी त्यांच्या गळ्यातला पास काढून घेतला. स्वेटर खुर्चीच्या पाठीवरच राहिला. प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावरून त्यांचं नाव पुसलं, आणि त्यांची ती शांततासुद्धा काढून टाकली. तिथे सरसकट दोन सेकंद बसवले. मास्तरांना पुन्हा कुठे काम मिळालं नाही. फितूर म्हटल्यावर कोण देणार? दोन वर्षांपूर्वी ते गेले. आपल्या कंपनीतून कुणीही गेलं नाही. चुकले, एक फुलांचं चक्र गेलं होतं, त्याच्यावर कंपनीचा शिक्का होता.

चिठ्ठी आली आहे. संचालक म्हणतात, आटोपतं घ्या. घेते. मी सोळा वर्षं थांबले, तुम्ही सात मिनिटं थांबा.

तर आजची मोठी घोषणा. साहेबांच्या पत्रकात लिहिलंय, 'साहेबांच्या दूरदृष्टीतून' आपला प्रोग्रॅम आता सर्व कंपन्यांच्या संगणकांवर मिळणार. फार चांगली गोष्ट आहे. मी तिच्या बाजूची आहे, तेव्हाही होते. उशीर इतका झाला की अर्धे ग्राहक कधीच निघून गेले, पण ते असो. गेल्या महिन्यात ही नवी आवृत्ती माझ्या खोलीत आली. मी लाल दिवा लावला आणि ऐकायला बसले.

आवाजाची व्यवस्था पाहणाऱ्या दादांना मी काल विनंती केली होती. दादा, आधी आपल्या संगणकावरचं लावा. नुसता शेवट आणि पुढच्याची सुरुवात.

ऐका. संपलं. एक, दोन. आलं पुढचं. तोंडावर दार आपटल्यासारखं.

आता नवी आवृत्ती. गाणी तीच. संपत आलंय... संपलं. मोजू नका, नुसते बसा. अजून थोडं. हं. आलं.

कळलं ना? पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनासुद्धा कळलं, त्यांच्या माना हलल्या.

त्या दिवशी खोलीत मी हाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. ही शांतता दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. तिच्यासाठी पाच महिने 'अं' मी म्हटलंय. तरी म्हटलं, असेल, एखाद्या नव्या मुलीलाही सुचलं असेल. म्हणून मी नव्या तुकडीच्या प्रमुखांना विचारलं. गुणी मुलगी आहे, खोटं बोलायला अजून शिकली नाही. ती म्हणाली, "मॅडम, साहेबांच्या कपाटातून एक जुनी डिस्क मिळाली, तिच्यावरच आम्ही सगळं उभं केलं. गाण्यांच्या मधलं काहीतरी होतं, ते काही केल्या कळेना. मग त्याला हातच लावला नाही." बाकी सगळं बदललं, जे कळलं नाही तेवढं राहू दिलं. पन्नास जणांनी गाणी तपासली. मधली जागा तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि हे त्या चौकशीचं इतिवृत्त. साहेबांच्याच सहीचं. शेवटची ओळ वाचते. 'सदर डिस्क आज समक्ष नष्ट करण्यात आली.'

साहेब, नष्ट केलेली वस्तू सोळा वर्षांनी श्वास कशी घेते हो?

पाणी घ्या साहेब. ठसका लागला की सावकाश प्यावं.

ज्या डिस्कसाठी माणूस फितूर ठरवला, तीच डिस्क कपाटात जपून ठेवायची आणि तो मेल्यावर दूरदृष्टी म्हणून बाहेर काढायची! मी संतापी बाई नाही. घरात माझा आवाज चढला तर नातवंडं हसतात. पण हे ऐकलं त्या दिवशी मी ठरवलं, साहेबांना माझ्या निवृत्तीच्या समारंभात एक भेट द्यायची.

ती त्यांच्यासमोर आहे, गुलाबांच्या गुच्छाखाली. ऐकल्याचा कागद. त्यात 'मूळ रचना' असा रकाना असतो, आणि त्यात जे लिहिलं तेच प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर येतं. तिथे 'अध्यक्षांचे कार्यालय' असं टाइप करून आलं होतं. मी ते खोडलं आणि मास्तरांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. खाली माझी सही आहे. माझी नोकरी सहा वाजेपर्यंत आहे आणि आत्ता साडेपाच झालेत, म्हणजे सही चालते. तिच्याखाली अध्यक्षांची जागा रिकामी आहे.

साहेब, सक्ती नाही. सही नाही केलीत तर कागद अपुरा राहील आणि आज घोषणा होणार नाही, एवढंच. पाहुणे चहा घेऊन जातील. मात्र त्यांनी परवाच मला विचारलं होतं, "ही मधली गंमत कुणी लिहिली?" मी म्हटलं होतं, समारंभात सांगते. सांगितलं.

चष्मा वरच्या खिशात आहे, साहेब. डावीकडच्या. पेन माझं घ्या.

इतकं हळू नका लिहू, सगळे बघताहेत.

झाली. संचालक, आपण साक्षीदार. टाळ्या नकोत. निदान माझ्यासाठी तरी नकोत, कारण साहेबांचा हिशेब झाला, माझा राहिला आहे.

निवृत्त होणाऱ्याने घरची माणसं बोलवावीत म्हणून एक यादी भरायची असते. त्यात मी मास्तरांच्या पत्नीचं नाव लिहिलं. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. नको म्हणत होत्या, मी हट्टाने आणलं. वहिनी, ती डिस्क मास्तरांनी स्वतःसाठी केली नव्हती. त्यांचे कान म्हणजे मी. माझ्यासाठी केली होती. माझी आई अंथरुणाला खिळून धाकट्या भावाकडे होती. त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचा संगणक. तिला बाबांचं गाणं ऐकायचं होतं, आणि ते आपल्या प्रोग्रॅममध्ये अडकलेलं. मी मास्तरांपाशी रडले. त्यांनी तीन रविवार घालवले. आईने गाणं ऐकलं आणि आठवड्याने गेली. मास्तरांना तीनदा विचारलं, "कुणासाठी?" तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते, वही घेऊन. एक शब्द बोलले असते, तर निदान आम्ही दोघं बाहेर पडलो असतो. मी नोकरी सांभाळली. त्यानंतर तुमच्या घरी कितीदा आले, तुमच्या हातचा चहा प्यायले आणि 'साहेब फार वाईट' असं म्हणून उठले.

तर आता आभार. संचालकांचे, पाहुण्यांचे, दादांचे, आणि जिन्याखाली मला शांतपणे बसू देणाऱ्या सगळ्यांचे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. साहेबांची मी माफी मागत नाही, त्यांच्याशी बोलताना माझं काही चुकलेलं नाही. माफी मागते ती एकाच व्यक्तीची, आणि तीही इथून, ध्वनिक्षेपकावर, कारण गप्प बसले होते तेही चारचौघांतच.

वहिनी, मी आता खाली येते आहे. तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसतेय. तिथे तुमची पर्स ठेवलीत, तर मी मागे जाऊन बसेन. मला वाईट वाटणार नाही... वाटेल. पण समजेन.