शमीमआपा पाणी मागायच्या

रशीदभाई, आपांची लेक सलमा, आणि सर्व्हेच्या कामातल्या माझ्या मैत्रिणींनो. पिंप्राळ्यातून आलात, पहूरहून, भडगावहून आलात. काहीजणी एसटी बदलून आल्यात. खुर्च्या पुरल्या नाहीत, त्याबद्दल माफ करा.

मला बोलायला सांगितलंय. खरं सांगते, मला काहीच होत नाहीये. रडू येत नाही. शमीमआपांना जाऊन आज नऊ दिवस झाले. मी रोज धुळ्याहून ऑफिसला येते, डबा खाते, फॉर्म तपासते. डोकं सुन्न आहे. अशा बाईने खरं तर माइक हातात घेऊ नये. पण आपांच्या यजमानांनी, रशीदभाईंनी, मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर टाळलं. ते द्यायला मी उभी आहे. आधी थोडं आपांच्या कामाबद्दल सांगते, त्याशिवाय उत्तर कळणार नाही.

आपा घरोघर जाऊन माहिती घ्यायच्या. माणसं आजारी का पडतात, आणि त्याची कारणं दवाखान्याच्या बाहेर कुठे असतात, घरात, कामावर, नळावर, जातीपातीत, हा आमचा अभ्यास. फॉर्मवरचा पहिला प्रश्न मीच लिहिला होता. पिण्याच्या पाण्याची सोय कशी आहे? खेड्यात या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं. ‘बठ्ठं बरं शे.’ सगळं बरं आहे. फॉर्म घेऊन आलेल्या परक्या बाईपुढे कोण रडगाणं गाणार?

आपा तो प्रश्न विचारायच्याच नाहीत. दारात टेकायच्या, ओढणीने घाम पुसायच्या आणि म्हणायच्या, ‘पानी पाजशी का वं माय?’

बस, एवढंच. मग बघत राहायच्या. पाणी माठातून येतं की ड्रममधून. ड्रम तिरपा करावा लागतो का. सून शेजारणीकडे मागायला जाते का. तांब्या बुडवताना बोटं पाण्यात जातात का. त्या एका ग्लासात आपांना जे कळायचं, ते माझ्या चार पानी फॉर्मला कळत नव्हतं.

एका घरात त्यांना ग्लास दिलाच नाही. वरून पाणी ओतलं, आपांनी ओंजळ धरली. संध्याकाळी ऑफिसात आल्यावर मला विचारलं, डॉक्टरबाई, हे कोणत्या रकान्यात लिहू? तक्रार नव्हती हो त्यांची. खरोखर रकानाच विचारत होत्या. मी मान वर न करता म्हटलं, शेऱ्यात लिहा. निदान बसा तरी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

पण त्यांची ती पाणी मागायची रीत मला फार आवडली. इतकी आवडली की मी तिचा नियम केला. पुढच्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलं, प्रत्येक घरी पाणी मागा, प्या, नोंद करा. फॉर्मवर चौकोन काढला. पाणी प्यायलं: होय, नाही. तुमच्यातल्या बऱ्याचजणी त्या दिवशी होत्या. आपा मागच्या बाकावर होत्या. चहाच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘प्रत्येक घरी नको, डॉक्टरबाई. मी बघून पिते. काही ठिकाणी नुसतं ओठाला लावते.’

मी काय म्हटलं ते मला शब्दन्शब्द आठवतंय. ‘आपा, सगळीकडे सारखं केलं नाही तर तुलना करता येत नाही.’

अभ्यासाच्या हिशेबाने ते बरोबर होतं. आजही बरोबरच आहे. आपा ‘बरं’ म्हणाल्या आणि पाण्याचा घोट घ्यावा तसं माझं म्हणणं घेऊन गेल्या. शिकलेल्या बाईवर त्यांचा फार विश्वास.

तुमच्यातल्या काही हुशार निघाल्या. न पिताच होयवर खूण केलीत. मला माहीत आहे. खाली बघू नका, आज मी कोणाला रागावणार नाही. उलट केलंत ते बरं केलंत. आपांना ते जमलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी एक खोटी खूण केली नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी त्या एका वस्तीत गेल्या. वस्तीचं नाव मी घेत नाही, कारण आपा कोणाचं घर ऑफिसबाहेर कधी बोलल्या नाहीत. तिथे नळाचा पाइप गटारातून जातो. वस्तीत कावीळ सुरू झाली होती, पण सांगत कोणी नव्हतं. आपा वारल्यावर मी त्यांचे तिथले फॉर्म काढून बसले. पाणी प्यायलं: होय. शेरा: वास येतो. पुढचं घर. होय. वास येतो. त्याच्या पुढचं. होय. वास येतो. अक्षर अगदी नीटनेटकं. गठ्ठा संपेपर्यंत मी बघत राहिले. तो गठ्ठा महिनाभर माझ्याच टेबलावर पडून होता. शेरे मी सगळ्यात शेवटी वाचते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आपांना शुगर होती, लिव्हर आधीच नाजूक. कावीळ उतरलीच नाही.

रशीदभाई, चौथ्या दिवशी मी तुमच्या घरी आले. तुमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं काम बंद होतं, उघडलेलं एक मशीन तसंच पडलं होतं. तुम्ही मला विचारलंत, ‘पाण्याने गेली का ती?’ मी म्हटलं, निश्चित सांगता येत नाही. शुगर होती, वय होतं, बरीच कारणं असतात. तुम्ही मान हलवलीत. आत गेलात आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आलात.

आणि मी ग्लासात पाहिलं.

क्षणभरच पाहिलं. पण तुम्ही ते बघितलंत. म्हणालात, ‘उकळलेलं आहे, बाई. ती रोज उकळूनच ठेवायची.’

मी प्यायले. अख्खा ग्लास संपवला. स्वतःच्या घरी पाणी उकळून ठेवणारी बाई माझ्या एका चौकोनासाठी दारोदार काय पीत होती, ते मला तिथे बसून कळलं. लाज वाटली. या नऊ दिवसांत मला तेवढं एकच काहीतरी वाटलंय.

तो चौकोन काल मी फॉर्मवरून काढून टाकला. आपांचे शेरे जोडून, नावं झाकून, पाइपची तक्रारही दिली. पाइप अजून तिथेच आहे. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे, कोणाला यायचं असेल तर या. नाही आलात तरी मी जाईन.

आता आपण उभे राहू आणि दोन मिनिटं गप्प राहू. पण त्याआधी, रशीदभाई, तुमचा प्रश्न. सिद्ध करता येणार नाही. अहवालात मीसुद्धा तेच लिहीन. पण तुम्ही मला अहवाल मागितला नव्हता.

हो, रशीदभाई. पाण्यानेच गेल्या. त्या नको म्हणत होत्या. मी प्यायला लावलं.

उठा, उभे राहू या.