बेल्जियम वगळून

डाउवे : बेल्जियम नको.

रेन्स्के : आधी ती लाल पेन्सिल खाली ठेव. बेल्जियम नको म्हणजे काय? केवढासा देश तो. कॉफी गार व्हायच्या आत संपतो.

डाउवे : तिथे तू हार्मबरोबर गेली होतीस.

रेन्स्के : हार्म माझा नवरा होता, डाउवे. शेजाऱ्याबरोबर गेले असते तर तुझं म्हणणं समजून घेतलं असतं.

डाउवे : आता नवरा मी आहे.

रेन्स्के : म्हणून तर तुझ्याबरोबर निघालेय. लग्नाला आठ महिने झाले. गाडी दारात उभी आहे, आत बिछाने घालून झाले, पडदे लावून झाले, संडासाची टाकी तू दोनदा धुतलीस, एकदाही न वापरता. फक्त रस्ता ठरत नाही.

डाउवे : ठरतोय की. एकेक देश बाद करत आणलाय.

रेन्स्के : सकाळी वीट्स्केचा फोन होता.

डाउवे : तुझ्या बहिणीला काय झालं आता?

रेन्स्के : तिला काही झालेलं नाही. म्हाताऱ्यांची बस चाललीय पोर्तुगालला, तिच्या शेजारची जागा रिकामी आहे. बारापर्यंत कळवायचंय. मी म्हटलं, डाउवेने अकरापर्यंत रस्ता काढला तर नाही. नाही काढला तर येते.

डाउवे : आता किती वाजले?

रेन्स्के : पावणेअकरा.

डाउवे : मग बोलण्यात वेळ घालवू नकोस. फ्रान्स?

रेन्स्के : फ्रान्स वाटेत पडतोच. हार्मने काही तो उचलून तिथे ठेवला नव्हता.

डाउवे : बाद. स्पेन?

रेन्स्के : दर वर्षी.

डाउवे : बाद. पोर्तुगाल?

रेन्स्के : तिथे नाही गेलो. दर वर्षी ठरायचं, पण हार्मची रजा स्पेनमध्येच संपायची. म्हणून तर आपण पोर्तुगालला जाऊ, असं मी म्हटलं. तुझा विचार करून.

डाउवे : ते बरं केलंस. पोर्तुगालवर फुली नाही. लक्झेंबर्ग?

रेन्स्के : पेट्रोल भरायला थांबायचो. तिथे स्वस्त असतं.

डाउवे : तू उतरायचीस?

रेन्स्के : हार्म उतरायचा. मी बसून.

डाउवे : मग अर्धं लक्झेंबर्ग ठेवू.

रेन्स्के : उपकार झाले. त्या अर्ध्यापर्यंत पोचायचं कसं? आपल्या नेदरलँड्सला शेजारी दोन. एक बेल्जियम, दुसरा जर्मनी. तू दोघांवर फुली मारलीस. आता अंगणातच चकरा मारायच्या का?

डाउवे : जर्मनीचा मी विचार केलाय. कुठे थांबायचं नाही. सलग हाणायची गाडी. आणि तेवढा वेळ तू डोळे मिटून बसायचं.

रेन्स्के : जर्मनीभर?

डाउवे : चार-पाच तासांचा तर प्रश्न आहे.

रेन्स्के : म्हणजे अडुसष्ट वर्षांची बाई आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी जर्मनी पार करणार. का, तर तिच्या वारलेल्या नवऱ्याने तिथे कधीतरी सॉसेज खाल्लं होतं.

डाउवे : सॉसेजचं तू कधी बोलली नव्हतीस.

रेन्स्के : आता बोलले. बटाटे किती घेऊ?

डाउवे : बटाटे कशाला?

रेन्स्के : वाटेत खायला. तिकडच्या बटाट्यांना आपली चव नाही. सगळेच नेतात.

डाउवे : हार्मसुद्धा?

रेन्स्के : पंचवीस किलो.

डाउवे : मग आपण भात खाऊ.

रेन्स्के : तुला भाताने पोटात दुखतं.

डाउवे : दुखू दे. कशाने ना कशाने दुखतंच आहे.

रेन्स्के : ते दिसतंय. मला एक सांग. तू मला विचारतोस, पण मी तोंड उघडायच्या आत तुझी फुली मारून झालेली असते. त्या कागदावर वर्षं लिहिलेली आहेत. मी तर तुला हे कधी सांगितलं नाही. ही यादी आली कुठून?

डाउवे : तुमच्या कॅरॅव्हॅनच्या पाठीवरून.

रेन्स्के : काय?

डाउवे : देश झाला की हार्म मागे स्टिकर चिकटवायचा. पुढच्या वर्षी मी वाचायचो. पुलावर होतो ना मी. छत्तीस वर्षं. जुलैचा पहिला शनिवार, सकाळी आठ चाळीस. आपला सगळा फ्रीसलंड प्रांत गाडीमागे कॅरॅव्हॅनचं घर ओढत दक्षिणेला निघालेला, आणि मी केबिनमध्ये बसून बोट आली की पूल वर, बोट गेली की पूल खाली.

रेन्स्के : सगळ्यांची स्टिकरं लिहून ठेवायचास?

डाउवे : नाही. एकाच गाडीची.



रेन्स्के : मी समजत होते, आपण गाण्याच्या मंडळात भेटलो. तेही हार्म गेल्यावर चार वर्षांनी.

डाउवे : तू तिथे भेटलीस. मी आधीपासून भेटत होतो. एका वर्षी पूल बावीस मिनिटं वर ठेवला.

रेन्स्के : एवढी मोठी बोट होती?

डाउवे : बोट नव्हती.

रेन्स्के : मग?

डाउवे : नोंदवहीत कारण म्हणून मी बदकं लिहिली. तुमची गाडी सगळ्यांत पुढे, फाटकाला लागून उभी होती. म्हटलं, ही बाई कधीतरी वर बघेल. हार्मने बघितलं. स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून मला नमस्कार केला, मोठा सभ्य. तू काही मान वर केली नाहीस.

रेन्स्के : मी नकाशा बघत होते.

डाउवे : बावीस मिनिटं?

रेन्स्के : पूल खाली येईना, तेव्हा हार्म म्हणाला, दुसरा रस्ता शोध. तेच तर माझं काम. एकतीस वर्षं गाडी त्याने चालवली आणि नकाशा मी वाचला. वर बघितलं की वळण चुकायचं. आणि वळण चुकलं की पुढचे दोन दिवस त्या वळणाखेरीज दुसरा विषय नाही.

डाउवे : पण आल्प्स तरी बघितले असशील.

रेन्स्के : आल्प्स तपकिरी असतात. जितके उंच तितके गडद. कानात दडे बसले की समजायचं, घाट लागला.

डाउवे : फोटो आहेत. तुझ्या कपाटात, खालच्या खणात.

रेन्स्के : माझ्या कपाटात तू काय करत होतास?

डाउवे : पडद्याचे आकडे शोधत होतो.

रेन्स्के : फोटोच बघायचे होते तर नीट बघायचेस. सगळ्यांत डोंगर माझ्या पाठीमागे आहेत.

डाउवे : म्हणजे हार्मला दिसत होते.

रेन्स्के : त्याला मी दिसत होते. तेही डोळे मिटलेली निघेन म्हणून काळजीत. लवकर हस म्हणायचा, मुक्कामाला उशीर होतोय.

डाउवे : डोंगर बघून काहीच बोलायचा नाही?

रेन्स्के : बोलायचा. आता डावीकडे की उजवीकडे. माणूस चांगला होता, डाउवे. नुसता घाईत असायचा.

डाउवे : मी घाईत नसतो.

रेन्स्के : ते मला माहीत आहे. अकराला पाच कमी आहेत. वीट्स्केला काय सांगू?

डाउवे : सांग, रस्ता निघाला. बेल्जियम, फ्रान्स, स्पेन.

रेन्स्के : आणि नकाशा कुणी वाचायचा?

डाउवे : यंत्र आणलंय. समोर चिकटवलं की तेच बोलतं, कुठे वळायचं ते.

रेन्स्के : कुणाच्या आवाजात?

डाउवे : बाईच्या.

रेन्स्के : तरणी आहे?

डाउवे : आवाजावरून काय कळणार.

रेन्स्के : म्हणजे ऐकून बघितलंस. तिच्याशी बोलत बसायचं नाही, सांगून ठेवते.

डाउवे : नाही बोलणार. पण रेन्स्के...

रेन्स्के : आता आणखी काय?

डाउवे : मी आयुष्यभर लोकांना तिकडे जाताना बघितलं. तिकडे काय असतं, ते नाही. आणि आता गाडी चालवायची म्हणजे माझी नजर रस्त्यावर. तू खिडकीतून बघ, आणि मला सांगत राहा.