वारेतलं कॅल्शियम

डॉक्टरांच्या खोलीबाहेर, माझ्या मागच्या बाकावर सासू आणि तिची सात महिन्यांची गरोदर सून बसल्या होत्या.

"वाच, रिपोर्टात लिहिलंय. प्लॅसेंटात, म्हणजे वारेत, कॅल्शियम साचलंय, बाळाकडे रक्त कमी जातंय. त्या कॅल्शियमच्या गोळ्यांनीच घात केला!"

"नाही हो, आई."

"नाही कसं? रिकामी पाकिटं मीच टाकते ना?"

"गोळ्या मी कुंडीत टाकत होते."

"तरीच त्या रोपाला बाळसं चढलंय! कधीपासून?"

"गोळ्यांनी वारेचा दगड होतो, असं तुम्ही म्हणालात तेव्हापासून. एकही घेतली नाही."

"मग हे कॅल्शियम आलं कुठून?"

"तेच डॉक्टरांना विचारायचंय."

"कुंडीचं सांगणार आहेस?"

"सांगावंच लागेल."

"आणि माझं?"

नर्सने त्यांचा नंबर पुकारला.

"चल. कुंडीचं तू सांग, दगडाचं मी सांगते."