मटण खाऊन एआयला विचारू नये

...नाही, पण मला सांगा, मोबाइलला प्रश्न विचारायला अंघोळ कशाला लागते? तुम्हाला सांगतो, आमच्या घरी लागते! मखमलाबादला आमची झेंडूची शेती, घरात काहीही ठरवायचं तर देवीला फुलांचा कौल लावायचे, उजवं पडलं की हो, डावं पडलं की नाही... मी कॉलेजात शिकलेला, मी भांडलो, म्हटलं फूल वाऱ्यानं पडतं हो, निदान पंखा तरी बंद करा! आणि माझ्याच हातानं दादांना, म्हणजे वडिलांना, फोनवर एआय टाकून दिलं. झालं! कौल बंद आणि फोन देव्हाऱ्यात! चार्जरला हळदकुंकू! मी पाऊस विचारायला हात लावला की आई ओरडते, "अंघोळ केलीस का? अन् काल मटण खाल्लंय, आज नको विचारू, त्याला सगळं कळतं!"

बरं, पावसापर्यंत ठीक, पण माझं लग्न? मंजुषा पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला, चार वर्षांची आमची ओळख, तिला कुणी एक शब्द विचारला नाही. विचारलं कुणाला? फोनला! दादांनी हात जोडले, "पोरगी चांगली हाय ना?" तो म्हणाला, "उत्तम निवड!" लगेच भागीबाई आत्या सरसावली, "पोरगी जरा आगाऊच वाटती ना रे बाबा?" तो म्हणाला, "तुमची शंका अगदी रास्त आहे." घरात दोन पंथ! दादा म्हणतात, "आक्के, तू अंघोळ केली होती का?" आत्या म्हणते, "तुझ्यासारखे दोन तांबे नाय, डोक्यावरून न्हाले!" आणि माझं लग्न लटकलं...

मी चिडलो. म्हटलं, अहो, तो विचारणाऱ्याच्या हो ला हो करतो, थांबा, दाखवतोच! फोन ओढला, सगळ्यांदेखत विचारलं, "आत्यानं माझ्या लग्नात लुडबुड करू नये, बरोबर ना?" तो म्हणाला, "अगदी बरोबर!" म्हटलं, बघा, मलाही हो म्हणाला, आता तरी पटलं?

आत्यानं पदर डोक्यावर घेतला, फोनला हात जोडले. "पोरानं बिनअंघोळीचं विचारलं, तरी बोलला! आता मी कोण नाय म्हणणारी?"

ठरलं हो लग्न! माझ्या तोंडात पुराव्यासकट अख्खं भाषण तयार होतं, पण मंजुषाला कळवलं तर ती म्हणते, "गप बस. अक्षता पडेपर्यंत एक अक्षर बोललास तर बघ!"

काय करता... मुहूर्त तीन महिन्यांनी आहे. तोपर्यंत मी आस्तिक.