दहापैकी आठ वेळा

बाई : ही उशी उचल. उचल, चावणार नाहीत. आणि चावल्या तरी चालेल.

शिकाऊ : मुंग्या आहेत.

बाई : किती?

शिकाऊ : मोजायच्या?

बाई : मोज की. तुमच्या कॉलेजात सगळं मोजतात. उशीवरच्या वेगळ्या, दुपट्यावरच्या वेगळ्या. दोन झोपलेल्या ढब्बूच्या ओठावर होत्या, त्या मी काढल्या. तेवढ्या धरू नकोस.

शिकाऊ : खिडकीतून आल्या असतील. मी फडकं आणते.

बाई : फडकं नंतर. आधी अ‍ॅप्रनचा खिसा दाखव. तो नाही, ज्याच्यावर हात ठेवलायस तो. काय आहे या बाटलीत?

शिकाऊ : साखरेचं पाणी. फार साखर नाही घातलेली. चोखणी त्यात बुडवली की तो लगेच...

बाई : शी. पुढचं सांगू नकोस. तेरा महिन्यांचं पोर, वरचे दोन दात आत्ता कुठे दिसायला लागलेत. या पाळणाघरात रोज वीस लंगोट बदलते मी. ओकारी ओंजळीत झेलते आणि तसाच चहा पिते. कधी घाण वाटली नाही. या बाटलीची वाटते.

शिकाऊ : आज कॉलेजचे सर येणार आहेत, बाई. माझे सातच झाले होते. आठ पाहिजेत. आठ नाही झाले तर हे प्रात्यक्षिक नापास, म्हणजे वर्षच गेलं. आईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी पुढच्या महिन्यात नोकरीला लागणार म्हणून.

बाई : कसले आठ? आण तो कागद. वाच.

शिकाऊ : ‘उद्दिष्ट क्रमांक तीन. सहा आठवड्यांअखेर विद्यार्थिनी रडणारे मूल तीन मिनिटांच्या आत शांत करील, दहापैकी आठ वेळा.’

बाई : कुठल्या दगडानं लिहिलंय हे?

शिकाऊ : खाली सही तुमची आहे.

बाई : दे इकडे. चष्मा कुठे गेला माझा?

शिकाऊ : डोक्यावर आहे.

बाई : हं. माझीच आहे. आधी मी काय लिहिलं होतं माहितीय? ‘मुलांना जीव लावेल.’ तुझ्या सरांनी लाल गोल काढून कागद परत पाठवला. जीव लावणं मोजता येत नाही म्हणे. मग लिहिलं, ‘मूल का रडतंय ते ओळखेल.’ पुन्हा गोल. किती वेळात ओळखेल, कितीदा ओळखेल? तिसऱ्यांदा कागद आला तेव्हा दारात चार आया उभ्या होत्या आणि काखेत एक पोर ओकत होतं. म्हटलं, घ्या तुमचे आकडे. दिलं ठोकून.

शिकाऊ : मला वाटलं, बाईंनी लिहिलंय म्हणजे तसंच असतं.

बाई : बाटली राहू दे माझ्याकडे.

(सर दाराशी येतात, आत यायचं की नाही या विचारात फाईल काखेत धरून उभे राहतात.)

सर : नमस्कार बाई. बसत नाही, अजून दोन केंद्रं बाकी आहेत. सदर विद्यार्थिनीच्या तक्त्यावर तेवढी सही हवी होती. झाले ना आठ?

बाई : झाले. आठवा आज सकाळी झाला. हात पुढे करा.

सर : हे काय ओतलंत? चिकट आहे.

बाई : तुमचं क्रमांक तीन. पुसू नका. पोराच्या गालावर अर्धा तास होतं, तुमच्या तळहातावर दोन मिनिटं राहू दे. साखरेचं पाणी चोखणीला लावून दिलं, पोर गप्प. तीन मिनिटंही लागली नाहीत. उरलेलं मुंग्यांनी खाल्लं.

सर : हे फार गंभीर आहे. मग हिला अनुत्तीर्ण करणं भाग आहे.

बाई : मग मलाही करा. वाक्य माझं आहे.

सर : वाक्यात दोष नाही हो. वाक्य आदर्श आहे. मी तर ते नमुना म्हणून बाकीच्या अकरा पाळणाघरांना पाठवलंय.

बाई : अकरा.

सर : सगळीकडे निकाल चांगला आहे. दोन ठिकाणी तर दहापैकी दहा.

बाई : सर, चाळीस वर्षं मुलं सांभाळतेय मी. दहापैकी दहा वेळा तीन मिनिटांत गप्प होणारं पोर दिसलं तर मी आधी डॉक्टरला बोलावेन. काय देतात तिथे, विचारलंत?

सर : तक्त्यात तसा रकाना नाही.

बाई : किळस येते हो. तुमची नाही, कागदाची. आणि थोडी माझी.

सर : पण मी तरी काय करू? वरून माझ्याकडे आकडेच मागतात. मापनीय नसेल तर कागद परत.

बाई : मग मोजू की. पोरी, पेन घे. लिही. ‘विद्यार्थिनी रडण्याच्या तीस नोंदी करील. प्रत्येक नोंदीत कारण, काय केलं आणि किती वेळ लागला. त्यातल्या निदान पाच नोंदींत कारण कळलं नाही असं लिहिलेलं असेल.’

सर : निदान पाच? ते कशाला?

बाई : सगळी कारणं कळली म्हणाली तर थापा मारतेय असं समजायचं. आणि वेळ जास्त लागला म्हणून गुण कापायचे नाहीत.

सर : तीस, पाच. मापनीय आहे खरं. मुदत मात्र तीन आठवड्यांच्या वर नाही वाढवता येणार.

बाई : पुरे झाले. आता बसा त्या छोट्या खुर्चीवर आणि अकरा फोन करा. माझ्यासमोर.

शिकाऊ : बाई, म्हणजे मला ठेवताय?

बाई : बाटली मोरीत ओत. उशी धू. हात धू. मग ढब्बूला घे, उठून रडतोय तो.

शिकाऊ : ओला नाहीये. दूध झालंय. दात असेल का? हिरडीला हात लावू देतोय, म्हणजे दातही नाही.

बाई : मला नको सांगूस. त्याच्याकडे बघ.

सर : सात फोन झाले, बाई. दोन ठिकाणी साखरेचं पाणीच. एकीकडे मोबाइल देतात हातात. एका ठिकाणी खोकल्याचं औषध.

बाई : खोकल्याचं. कुणाला खोकला होता?

सर : कुणालाच नाही. मी आधी तिकडेच जातो.

बाई : जा. उरलेले चार फोन मी करते, नंबर ठेवून जा.

शिकाऊ : बाई, हात भरून आला.

बाई : दुसऱ्या खांद्यावर घे.

शिकाऊ : थांबला बहुतेक. हो, थांबला. काय लिहू?

बाई : झालं तेच लिही.

शिकाऊ : ‘कारण कळलं नाही. खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहिले. वेळ, एक्केचाळीस मिनिटं.’